कळशीवरचा आकडा

आमच्या नंदोईंना देवानं डोळे दिले ते माणसं बघायला नाही, आकडे तुटतात का ते बघायला. नंदोई म्हणजे मोठ्या वन्संचे मालक. शिकले निजामाच्या शाळेत. पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या कचेऱ्यांत मराठी आली, पण त्यांचा भागाकार उर्दूतच राहिला. ज्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, तेवढाच आकडा त्यांच्या लेखी सज्जन. जेवायला पंधरा पानं मांडली की म्हणायचे, "पंधरा तिनानं तुटतात, पाचानं तुटतात," आणि सतरा करायला गुलमंडीवरनं कुणीही दोघं धरून आणायचे. वन्सं विचारायच्या, "अन् पोळ्या काय तुमचा पाढा लाटणार आहे?" त्यावर ते खूश होऊन सतराचा पाढा म्हणून दाखवायचे.

लग्नाच्या भांड्यावर लोक नाव घालून देतात, नंदोई आकडा घालून द्यायचे. न तुटणारा आकडा घरात असला की संसार तुटत नाही, ही त्यांची श्रद्धा. माझ्या लेकीच्या पितळी कळशीवर त्यांनी ७३९५९७ घातला. लहानापासून एकेका आकड्यानं भागत सातशेपर्यंत आले होते, तोवर लग्न तोंडावर आलं, म्हणून थांबले.

लेक पाचोडला नांदायला गेली. दिवाळीआधी नंदोई घाबरेघुबरे दारात. "वहिनी, घात झाला. सातशे तेहतीसनं तुटला!"

मला घेऊन तडक पाचोड. ओसरीवर बाजाराला आलेले पाहुणे बसलेले, आणि नंदोईंनी पाणी प्यायच्या आधीच कळशी परत मागितली. आहेर परत मागणं म्हणजे सोयरीक मोडणं. लेक दाराआड पदर चावत उभी.

विहीणबाई म्हणाल्या, "कळशी गळत तर नाय."

"कळशी बरी आहे. आकडा वाईट आहे."

"मग आम्ही आकड्यात पाणी भरतो व्हय?"

पाहुणे हसले. नंदोईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "पोरीचं घर आहे हो. मी घाई केली."

विहीणबाईंनी दाराआडच्या सुनेकडं बघितलं. "कळशी घरातनं जायची नाय. चांगला आकडा गावला की इथंच येऊन घाला. तवर मी हिला जपून बोलते."

नवा आकडा पडताळायला नंदोईंना वर्षं लागली. घरात भांडण पेटलं की विहीणबाईच म्हणायच्या, "आवरा रे, अजून आकडा आला नाय."

वन्सं गेल्या, त्यानंतर ते छिन्नी घेऊन एकटेच पाचोडला गेले. जुना आकडा ठोकून बुजवला आणि ७३९३९१३३ घातला. लेक म्हणाली, "आतोबा, शेवटचा तीन पुसट आला."

"जाऊ दे पुसून. तो गेला तरी राहिलेला तुटत नाही. त्याच्याही शेवटचा काढ, तरी नाही. पार सातापर्यंत असंच."

आता ते नाहीत. चिंचेनं घासून घासून शेवटचे दोन आकडे गेलेत. विहीणबाईंना नीट दिसत नाही, पण कळशी त्या कुणाला घासू देत नाहीत, स्वतःच घासतात, आणि आकड्याच्या बाजूला आल्या की हात हलका करतात.