कोरी तवली

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आजच माझ्याकडे आली. आजचंच लिहिते.

आमच्या दिघाशी गावात कुंभाराचं एकच घर उरलंय, जनाकाकींचं. त्यांच्या मातीच्या तवल्या खपल्या नाहीत, तर काका सोमवारपासून कापडाच्या लूमवर ड्युटीला जाणार आणि भट्टी कायमची बंद. म्हणून आज मी नारपोलीच्या महिला मंडळात आमच्या शेतातल्या वालांचं बिरडं तवलीत करून दाखवायला गेले. काकी तवल्या घेऊन मागे बसल्या होत्या.

मातीच्या भांड्याबद्दल मी भरपूर बोलले. मग कोरी तवली स्टोव्हवर ठेवली, फोडणी केली, वाल टाकून पाणी ओतलं आणि सगळ्यांसमोर तवली तडकली. स्टोव्ह विझला.

"बेटी, हमारा अल्युमिनियम का पतीला ही भला," एक खाला म्हणाली. सगळ्या हसल्या. एकही तवली खपली नाही.

परतताना काकी म्हणाल्या, "बाय, नव्या तवलीत आधी पेज शिजवायची असते, म्हणजे ती तडकत नाही."

"मग काकी, आधी का नाही सांगितलंत?"

"एवढी शिकलेली तू. मला वाटलं, तुला ठाव हाय."

मला ठाऊक नव्हतं. घरातली पहिली बी.ए. मी, आईने मला कधी चुलीपाशी बसूच दिलं नाही.

उरलेल्या तवल्या मी आमच्या पडवीत आणल्यात. आता एकेकीत पेज शिजवते आहे. सोमवारला चारच दिवस आहेत. वही न्यायला याल, तेव्हा एक तवली न्याल का?