मोठीआई नावाचं लढाऊ जहाज

माझी लेक हैदराबादहून शिकून परत आली, ती एक खेळ घेऊनच. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि कुठं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट चालवायचं काम माझ्याकडे आलं. मी भाजी आणायला गेले तरी परत येऊन त्याचं पुराण लावते, असं घरच्यांचं मत आहे. मत खरं आहे.

गोष्ट अंतराळातली. तिच्यात लढाऊ जहाजांचा ताफा, आणि जहाजं स्वतः विचार करणारी. बुद्धी कृत्रिम, पण मायाळू. चंद्र फुटेल एवढ्या तोफा, तरी दुबळ्यावर कधी डागायच्या नाहीत.

"काकू, असं कुठं असते?" लेकीच्या दोघी मैत्रिणी म्हणाल्या. "मशीन शेवटी उलटतेच."

"आपल्या ताफ्यात नाई उलटत," मी म्हटलं. तोफा असून गप्प राहणं म्हणजे काय, हे वीसेक वर्षं सून असलेल्या बाईला कोणी शिकवावं?

माझ्या माहेराहून, भीमपूरहून आणलेली कापसाची वाळकी बोंडं आमची जहाजं झाली. सगळ्यात मोठ्या बोंडाला लेकीनं मोठीआई नाव दिलं. तिची मोठीआई म्हणजे माझी वारलेली जाऊ. भासऱ्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाला, "काऊन?", म्हणजे "का?", असं तोंडावर विचारणारी घरात ती एकटीच होती. जहाजालाही आम्ही तीच खोड दिली. हुकूम आला की आधी "काऊन?" कारण पटलं नाही तर जागची हलायची नाही.

खेळ दर रविवारी असायचा. त्या रविवारी गोष्टीत सेनापतीचा हुकूम आला होता: खाणीचा बोगदा बुजवा. बोगद्यात खाणकामगार अडकलेले. लेकीनं फासा उचलला, तेवढ्यात भासरे दारात उभे. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाल्यापासून ते आमच्याकडेच असतात.

आमच्यात भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. तिनंही बोलायचं नाही. एका खोलीत असलो तरी निरोप नवऱ्यामार्फत, आणि तो निम्मा निरोप वाटेतच गाळतो.

"तिले सांग," ते नवऱ्याला म्हणाले, "घरात फासे चालनार नाई. जुगार हाये हा. पोरी बिघडवून राह्यली. आजपासून बंद."

नवरा माझ्याकडे वळला. "दादा म्हनतात..."

"आयकलं मी."

पोरी मुकाट्यानं बोंडं गोळा करू लागल्या. हात कसे लगेच चालले त्यांचे! तेच मला खुपलं. कचेरीत "जी सर", घरी "हो जी", एवढ्यात माझं आयुष्य मावतं. आता या तिघीही तेच शिकणार?

मी मोठीआईला उचलून तळहातावर ठेवलं. आधी डोक्यावरचा पदर नीट केला, कारण बंडालाही शिस्त पाहिजे. मग जहाजाच्या जाड आवाजात म्हणाले, "हुकूम मिळाला. काऊन?"

नवऱ्यानं आ वासला. भासरे दचकले. "कोन बोललं?"

"मोठीआई," लेक म्हणाली. "जहाज हाये, मोठेबाबा. तिले कारन लागते."

ते त्या बोंडाकडे बघत राहिले. "लोकं काय म्हनतीन," शेवटी पुटपुटले, बोंडालाच.

"कारण अपुरं आहे." मी बोंडाचं तोंड भासऱ्यांकडे वळवलं. "इथं पैसा लावत नाहीत, म्हणजे जुगार नाही. बोगद्यात माणसं आहेत. ताफा जागा सोडणार नाही. रविवारही सोडणार नाही."

"तिले सांग..." ते नवऱ्याला म्हणाले.

"तुमीच सांगा दादा, समोरच तं हाये," नवरा म्हणाला आणि स्वतःच्याच धाडसाला घाबरून चहा ठेवायला पळाला. चहा पाकासारखा झाला.

भासरे ओसरीवर जाऊन बसले. लेकीनं फासा टाकला, वीसपैकी तीन पडले, म्हणजे वाईटच. बोगद्याचं तोंड आणखी ढासळलं. तरी आम्ही खोदत राहिलो.

बऱ्याच वेळानं ओसरीवरून आवाज आला, "त्या बोगद्यातले निघाले का नाई?"

"तिले विचार" नव्हतं त्यात.

मी बोंड खाली ठेवलं आणि माझ्याच आवाजात म्हणाले, "नाई दादा, अजून आतच हायेत. यायचं असंन तं आत या. आमी तं काई उठत नाई."