वळवात मुका होणारा स्कॅनर

मामंजी सैन्यात सिग्नलला होते. निवृत्तीनंतर त्यांनी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, परवाना काढला, पण बोलायचा सेट कधीच जळून गेला. उरला जुना स्कॅनर, नुसता ऐकण्यापुरता. विट्याचे त्यांचे पलटणीतले एक दोस्त रोज सकाळी रेडिओवर सगळ्या हॅमवाल्यांची हजेरी घेत आणि शेवटी विचारत, "साताऱ्याचं पाव्हणं ऐकत्यात का?" मामंजी मोबाइलवरून मिस्कॉल देत. झालं बोलणं.

यंदाच्या वळवात तो आवाज बंद झाला. मामंजींनी कारणही ठरवून टाकलं. एका लग्नात ते दोस्ताला म्हणाले होते, "तुजा आवाज गिरणीगत घरघरतो रं."

"रुसलाय त्यो."

"मग फोन करा की."

"मी? मी न्हाई. त्यानं करावा."

तरी रोज सकाळी स्कॅनरसमोर बसत. चहा निवून जाई.

मला रुसव्यापेक्षा यंत्राचा संशय होता. बाकीची चॅनेलं खणखणीत लागत होती. पडद्यावर दोस्ताच्या चॅनेलचा आकडाही बरोबर होता. एरियल बदलून पाहिलं, वायर बदलली, जागा बदलली. मग मेनूत शिरले. तिथं 'स्टेप' नावाची सेटिंग होती: शोधताना किती अंतराची उडी मारायची ती. ती मोठी होती. मी लहान केली.

दुसऱ्या दिवशी हजेरी लागली! मामंजी सावरून बसले. मला मात्र राहवेना. विजा कडाडल्या की ते स्कॅनरचा प्लग काढतात, हे डोक्यात आलं. मी बोलणं चालू असतानाच प्लग काढून परत लावला. दोस्त गायब.

"सूनबाई! काय केलंसा हे?"

"थांबा, सापडलं."

प्लग काढल्यावर सेटिंग जपणारा आतला सेल संपला होता. सेलशिवाय स्कॅनरच्या जुन्या प्रोग्रॅमला चॅनेलं लक्षात राहत, स्टेप नाही. प्लग काढला की तो परत मोठ्या उडीवर येई आणि दोस्ताच्या आकड्यावर न उतरता शेजारी उतरे. पडदा मात्र साठवलेला आकडाच दाखवी. स्टेप दाखवायला त्यात जागाच नव्हती.

मी घाईनं स्टेप लहान केली. दोस्त हजेरीच्या शेवटाला आले होते. "साताऱ्याचं पाव्हणं अजून फुगल्यात वाटतं."

मामंजींनी मिस्कॉल दिला. पलीकडून फोन उचलला गेला.

"आरं, मिस्कॉल उचलतो व्हय कुणी?" मामंजी ओरडले, आणि तेच वाक्य स्कॅनरमधून घरभर घरघरलं. दोस्तांनी फोन माईकला लावला होता. इतक्या वर्षांनी मामंजींचा आवाज पुन्हा हवेत गेला होता.

"ऐकलंस न्हवं?" स्कॅनर म्हणाला. "आता सांग, गिरणी कुणाची हाय?"