लिफ्टवाल्याची बोट

…आणि हेही लिही, की मी त्याला आधीच सांगितलं होतं. नसेल सांगितलं तरी लिही. थोरली बहीण आहे मी, तेवढा हक्क आहे माझा.

तर माझा धाकटा भाऊ. तुझ्या बापाचा मामा. बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या त्यानं. आयुष्यभर वर गेला, खाली आला, पुढं म्हणून कधी गेला नाही. आणि निवृत्त झाल्यावर एक दिवस म्हणतो काय, "आक्का, मी समुद्र ओलांडणार."

म्हटलं, "कितव्या मजल्यावर उतरणार?"

हसला नाही मेला. एका दातांच्या डॉक्टरकडून चाळीस वर्षांची जुनी शिडाची बोट घेऊन आला. विकताना तो डॉक्टर इतका खूश होता की तिथंच ओळखायला हवं होतं. बोट कसली, किडकी दाढच ती! डोलकाठीच्या तारा गंजलेल्या, खिडक्या गळक्या, इंजिन एक ढेकर द्यायचं की गप्प. सहा वर्षं खपला त्याच्यावर. तारा बदलल्या, खिडक्या बसवल्या, इंजिन दोनदा खोलून घरी जेवणाच्या टेबलावर मांडलं. महिनाभर माझी भावजय उभ्यानं जेवली.

ती काय करायची माहितेय? दवाखान्यांचे पडदे शिवायची. बिनखिडकीच्या खोलीत, दिव्याखाली, तीस वर्षं. बोटीची शिडं तिनंच शिवली. म्हणायची, "वन्सं, पडदाच तो. फक्त मागं कुणी कण्हत नाही."

तिची नजर कडेकडेनं विझत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, दोन-तीन वर्षं धरून चाला. रडली नाही की काही नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मला एकदा मधोमध जाऊन बघायचंय. चारी बाजूंना पाणी आणि कुठंही भिंत नाही, असं." बाकी त्या बाईनं जन्मात काही मागितलं नाही.

आता समुद्रापलीकडं नेणारा वारा वर्षातनं दोनच महिने धड असतो. तो हुकला की वर्ष गेलं. आणि आमच्या शहाण्यानं दोन वर्षं हुकवली. का? तर तयारी व्हायचीय!

त्याची लिफ्टवाल्यांची रीत होती बघ. माणसं आत अडकली तर भाग आणायला दुकानात पळून चालत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट तीन. एक लावलेली, एक हातात, एक गाडीत. तीच रीत यानं बोटीत आणली. नांगर तीन. होकायंत्रं तीन. पाणी उपसायचे पंप तीन. संडासाच्या बैठका तीन! म्हटलं, "अरे, माणसं दोन, बुडं दोन, तिसरी कुणाला?" तर म्हणे, "आक्का, तुला समुद्र कळत नाही." जसा याला कळत होता!

बोटीला बाहेरून लाल पट्टा असतो, पाण्याच्या रेषेवर. त्याच्याखाली शिंपले चिकटू नयेत म्हणून वेगळा रंग देतात. दरवर्षी बोट बाहेर काढायची, खरवडायची, रंगवायची. आणि दरवर्षी भाऊ तो पट्टा दोन बोटं वर काढायचा. का, तर सामानानं बोट खाली बसायची आणि जुना पट्टा पाण्याखाली जायचा. धक्क्यावरच्या म्हाताऱ्या सुतारानं विचारलंसुद्धा, "साहेब, बोट खाली चाललीय का समुद्र वर येतोय?"

हा म्हणाला, "आधीचा पट्टाच चुकीच्या जागी होता."

तिसऱ्या वर्षी मात्र ठरलं. सोमवारी सकाळी निघायचं. मी निरोप द्यायला गेले, तर आतून शिव्या. डोकावले. गुडघ्याएवढं पाणी, आणि त्यात भावजयीची चप्पल पोहतेय.

"पंप बिघडला!" म्हणून भाऊ ओरडला. चेहऱ्यावर काळजी कमी, आनंदच जास्त. शेवटी उपयोग झाला ना तीनचा! दुसरा पंप लावला. पाणी उतरलं. पंप बंद केला, पाणी परत वर. तिसरा लावला. तेच! घामाघूम होऊन म्हणतो, "तिन्ही खराब निघाले. आता नवे मागवायचे. पंधरा दिवस तरी लागतील."

पंधरा दिवस म्हणजे वारा गेला. म्हणजे अजून एक वर्ष.

भावजय उतरली, धक्क्यावर पालथी पडली आणि बोटीच्या अंगावरून हात फिरवायला लागली, कापडाची शिवण चाचपावी तशी. पाण्याखाली कोपरापर्यंत हात गेला. थांबली. आणि अंगठा दाबून ओरडली, "आता बघा, येतंय का?"

पाणी थांबलेलं!

पंपाचं पाणी बाहेर पडायचं भोक होतं ते. मुळात पाण्याच्या चांगलं वर. यानं सामान भरून भरून ते पाण्याखाली नेलं, आणि वरून त्याच्याभोवती लाल रंगही फासला, पट्ट्यात बसावं म्हणून! पंप बंद झाला की त्याच नळीतनं समुद्र आत. पिंपातनं नळीनं पाणी ओढतो ना आपण, तसं. सुतार तर हसून हसून खालीच बसला.

भावजय उठली. म्हणाली, "ज्याचे तीन आहेत, त्यातले दोन बाहेर."

"अगं, आणि मध्येच काही अडकलं तर?"

"मी अडकलेय की सहा वर्षं. माझ्यासाठी कुठला भाग ठेवलायत तुम्ही?"

नांगराची साखळी त्यानं स्वतःच खांद्यावर घेतली. एकेक वस्तू उतरवताना अशी तोंडं करत होता, जशी पोरगी सासरी चाललीय. एका पंपासाठी रदबदली केली, तेवढा मिळाला. दुपारपर्यंत धक्क्यावर आख्खं दुकान मांडलं होतं, आणि ते भोक ठिबकत वर आलं. मग त्यानं ती नळी छतापर्यंत उंच वळवून घेतली, म्हणजे पाणी उलटं येणार नाही. कारागीर आहे तो, त्याबद्दल दुमत नाही. अक्कल बायकोकडे ठेवायला दिलीय, एवढंच.

आठवडाभर आतलं सगळं वाळवलं आणि गेले दोघं.

एकोणीस दिवस काही कळलं नाही. मी घरभर फेऱ्या घालत होते, तू बघितलंस. मग फोन आला, तिचाच. "वन्सं, चारी बाजूंना काही म्हणजे काही नव्हतं हो. सकाळी उठून आधी एक चक्कर मारून बघायची, मग चहा. मधले अकरा दिवस बघितलं. पोट भरलं."

मी डोळे पुसले, ते लिहू नकोस. विचारलं, "आणि तो कुठाय?"

"बंदरावर बोटींच्या सामानाचं दुकान आहे ना, तिथं गेलेत. नुसतं बघून येतो म्हणाले."

फोन कटला, आणि तेव्हापासून लागत नाहीये. म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कुणी समुद्रापलीकडच्या त्या बंदरात जाणार असेल, तर जाड भिंगांचा चष्मा घालून डेकवर शीड शिवत बसलेली बाई शोधा. तिला म्हणावं, वन्सांचा निरोप आहे, त्याला दुकानात एकट्याला सोडू नकोस.