वळणामागचा ट्रेलर

मंडळी, दोन वर्षं मी या ग्रुपवर एकच रड लावलीय, की रेसिंग ट्रॅकवर माझी जपानी गाडी इम्रानच्या जर्मन गाडीपुढे टिकत नाही. आज सकाळी ट्रॅक डेला त्याने किल्लीच माझ्या हातात ठेवली. "घे, अदलाबदल करू."

त्याच्या गाडीत मी एका फेरीला त्याच्या वेळेच्या चार सेकंद मागेच राहिलो. माझ्या गाडीत तो माझ्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या लॅपच्याही पुढे गेला.

मग तो माझ्या शेजारी बसला. तिसऱ्या वळणावर म्हणाला, "भाई, पलीकडे काय नाय. ब्रेक कशाला मारतोस?"

मी ब्रेक मारतोय हे मलाच माहीत नव्हतं. मी रोज पनवेलहून द्रोणागिरीला कामाला जातो. वाटेत जासईजवळ वळणामागे कधी दिवे बंद केलेला कंटेनरचा ट्रेलर उभा असेल, सांगता येत नाही. इम्रान बारा वर्षं कतारच्या मोकळ्या रस्त्यांवर गाडी चालवून आलाय.

पुढचे चार लॅप स्वतःला बजावलं, ब्रेकला पाय लावायचा नाही. चारही वेळा लावला.

टायर, ब्रेक पॅड, सस्पेन्शन, सगळं बदलून झालंय. हा पाय कसा बदलायचा, कोणी सांगेल का? आणि बदललाच, तर उद्या जासईला काय करू?