राजनंदिनीची पकड

बोरीच्या राजनंदिनीनं पाच हंगाम ऊसतोड केली. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती परभणीत मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला राहिली आणि संध्याकाळी कराटे शिकू लागली. सहा महिने झाले तरी तिची लाथ कमरेच्या वर जाईना. एकदा शेजारी ज्युदो शिकवणाऱ्या धनश्रीताईंनी तिला सहज जोडीला घेतलं. राजनंदिनीनं त्यांची कॉलर धरली, ती त्यांना काही केल्या सोडवता येईना.

"लय जोर हाय हातात! आधी काय काम करीत होतीस?"

"उसाच्या मोळ्या उचलायचे, ताई."

"मग लाथा कशाला मारायलीस? इकडं ये."

त्या कामाची तिला आजवर लाजच वाटायची. त्या संध्याकाळी मात्र ती बराच वेळ आपले तळहात बघत बसली, आणि दुसऱ्या दिवशी ज्युदोच्या चटईवर जाऊन उभी राहिली.