बठ्ठं पानी शे

त्या गुन्ह्याचा तपास लावल्याबद्दल मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली होती. पण तो गुन्हा आठवला की आजही सगळ्यात आधी आठवते ती मी मारलेली चपराक. एका निरपराध माणसाला मी त्याच्या वडिलांसमोर मारलं. तो खरं बोलत होता आणि ते खरं मला ऐकू येत होतं, तरी मारलं.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. बदली होऊन खानदेशात आलो त्याला जेमतेम काही महिने झाले होते. एप्रिलचा महिना होता. जळगावच्या एका व्यापाऱ्याचा माल पिकअपने धुळ्याला निघाला होता. माल म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत पुन्हा गुंडाळायला लागणारी तांब्याची तार, खोक्यांत बांधलेली. धुळ्यात उतरवताना खोकी कमी भरली. गाडी वाटेत पारोळ्याच्या अलीकडे, आमच्या हद्दीत थांबली होती, म्हणून फिर्याद आमच्याकडे दाखल झाली.

त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या गोदामातल्या दिवाणजीचा फोन आला. "साहेब, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. आमच्या ओळखीच्या एकाने गाडी बघितली. बॉनेट नुसतं दाखवायला उघडं ठेवलं होतं आणि ड्रायव्हर मागून दोघांना खोकी काढून देत होता."

ड्रायव्हर पारोळा तालुक्यातलाच, तिशीतला. पिकअप त्याची स्वतःची. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा मागोमाग त्याचे वडीलही आले. धोतर, पांढरी टोपी, हातात पाण्याची बाटली. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. "साहेब, पोऱ्यानी चूक करेल व्हई तर सोडू नका," एवढंच बोलून ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

ड्रायव्हर एकच सांगत राहिला. "गाडी तपी गयी व्हती, साहेब. काटा लालवर गया, वाफ निंघाले लागनी. मी गाडी सोडीसन इहिरवर पानी लेवाले गयथू." गाडी तापली, तो विहिरीवर पाणी आणायला गेला, परत येऊन इंजिन निवेपर्यंत थांबला, मग पाणी भरून धुळ्याला पोचला. मागची ताडपत्री कुणी सोडली हे त्याला माहीत नव्हतं.

असे जबाब मी खूप ऐकले होते. रस्त्यात माल गायब झाला की ड्रायव्हरची गाडी हटकून तापलेली असते.

जप्त केलेली पिकअप ठाण्याच्या आवारात उभी होती. मी त्याला तिथे नेलं, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरचं झाकण काढलं. आत तोंडापर्यंत पाणी; ते वाटेत भरल्याचं तो सांगत होता, पण मी ते धरलंच नाही. गाडी सुरू करायला लावली. बराच वेळ चालली तरी काटा मधल्या खुणेच्या वर सरकला नाही.

"काय रे, ही तापलेली गाडी?" मी विचारलं.

शेजारचा हवालदार म्हणाला, "साहेब, पाण्याने भरलेली असून तापली. रिकामी असती तर उडून धुळ्याला गेली असती."

सगळे हसले. ड्रायव्हर मात्र एकदम पुढे आला. त्याने दोन बोटं रेडिएटरच्या तोंडात बुडवली आणि माझ्यासमोर धरली. "बठ्ठं पानी शे ना, साहेब! तेच सांगी ऱ्हायनू मी! बठ्ठं पानी शे!"

बठ्ठं म्हणजे सगळं, एवढी अहिराणी मला येत होती. सगळं पाणी आहे, म्हणजे जागच्या जागी आहे, जराही कमी झालेलं नाही. वर तेच तोंड वर करून मला सांगतोय. मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. मी त्याच्या कानाखाली मारली.

आबा बाकावरून उठले. मला वाटलं, मधे पडतील. ते मुलाकडे क्षणभर बघत राहिले आणि मान खाली घालून फाटकाबाहेर निघून गेले. मी जबाबात लिहून घेतलं की रेडिएटरमध्ये सर्व पाणी असल्याचे आरोपीने कबूल केले. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

कोठडी सुरू असतानाच एका बंदोबस्ताहून येताना भर दुपारी आमचीच जीप तापली. चालक अनुभवी होता. त्याने आधी एसी बंद केला, गाडी सावलीला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी उतरून घाईने रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच तो ओरडला.

"साहेब, हात काढा! उकळतं पाणी तोंडावर येईल."

आम्ही निंबाखाली बसून राहिलो. इंजिन हात लावण्याइतकं निवल्यावर त्याने झाकणावर फडकं टाकलं, ते हळूच फिरवलं आणि जवळच्या हापशावरून आणलेलं पाणी थोडं थोडं ओतलं. मी म्हणालो, "झालं ना आता? भरली."

"भरली, पण तात्पुरती. ठाण्यात गेल्यावर हे काढून कूलंट टाकावं लागेल, पाइप कुठे गळतोय तेही बघावं लागेल. बघा ना, रंग तरी आहे का? सगळं पाणी आहे."

मी वाकून आत बघितलं. स्वच्छ, बिनरंगाचं पाणी होतं. नीट ठेवलेल्या गाडीत तिथे हिरवं नाहीतर गुलाबी कूलंट असतं. साधं पाणी लवकर उकळतं, आतून गंज आणतं, आणि आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने तर क्षाराचे थर बसतात. म्हणून रेडिएटरमध्ये नुसतं पाणी दिसलं, तर ते बहुधा अडचणीत सापडलेल्या माणसाने रस्त्यावर ओतलेलं असतं.

पिकअपच्या ड्रायव्हरने बोटं माझ्यासमोर धरली होती ती त्यासाठी. सगळं पाणीच आहे, कूलंटचा थेंब नाही, हे तो मला दाखवत होता. त्याच्या बाजूचा पुरावा मी त्याच्याविरुद्ध लिहून घेतला होता.

मग एक प्रश्न राहिला. कूलंट गेलं कुठे? पिकअप पुन्हा तपासली. पाइप धड, कुठे गळती नाही. फक्त रेडिएटरच्या तळाच्या धुळकट बोल्टवर पान्ह्याचे ताजे ओरखडे होते. ड्रायव्हर म्हणाला, सकाळी रेडिएटरशेजारची जादा कूलंटची बाटली बघितली तेव्हा ती खुणेपर्यंत भरलेली होती. ते खरंच असणार. तळाचा बोल्ट ढिला करून रेडिएटर रिकामा केला तरी बाटली भरलेलीच दिसते. रोज नुसत्या बाटलीकडे बघून निघणारा कुणीही फसला असता.

गाडी निघण्याआधीच कुणीतरी ते सोडलं असणार, म्हणून मी जळगावला गेलो. गोदामात माल भरायला गाड्या जिथे लागतात, तिथल्या कोब्यावर हिरवट डाग वाळलेला होता. दिवाणजीला विचारलं, "हे काय?"

"रंगबिंग सांडला असेल, साहेब."

"ज्याने गाडी बघितली, त्याचा नंबर द्या."

तो घाम पुसू लागला. आधी नंबर हरवला म्हणाला, मग त्या माणसाचं नाव आठवेना. फोनचे तपशील मागवले, तेव्हा त्या सकाळी तो दोघा मोटारसायकलवाल्यांशी सतत बोलत होता असं दिसलं. ड्रायव्हर चहाला गेला असताना दिवाणजीनेच कूलंट सोडलं होतं. ते दोघे मोटारसायकलवाले गाडीच्या मागावर होते. गाडी कुठेतरी तापणार आणि ड्रायव्हर पाण्याला जाणार, हे त्यांनी धरलं होतं. मुद्देमाल पाचोरा रस्त्यावरच्या एका शेडमध्ये मिळाला.

ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. तो सुटून गाडी न्यायला आला, तेव्हा मी टेबलावरून मान वर न करता म्हणालो, "झालं, सही कर आणि जा." माफी मागायची ती वेळ होती. तेव्हा मला ते कमीपणाचं वाटलं.

त्यानंतर कुणाच्याही जबाबात एखादा शब्द दोन अर्थांनी घेता येईल असं वाटलं, की मी थांबून विचारायचो, "म्हणजे काय? नीट समजावून सांग." एवढं एक वाक्य मी त्या दिवशी त्याला म्हणालो नव्हतो. नोकरी संपली तरी ती बोच गेली नाही. शेवटी चौकशी करत सावद्याला गेलो. कोठडीत राहून आलेल्या माणसाला जळगावचे व्यापारी माल देईनात, म्हणून त्याने पिकअप विकली होती आणि तो तिथे केळीच्या गाडीवर होता. सोबत बायको आणि आबा.

त्याने ओळखलं. ओट्यावर खुर्ची टाकली, चहा सांगितला. मी कशासाठी आलो ते अडखळत सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, मी तं कवयच सोडी दिनं. पन आबा आजबी म्हनतस, तू काहीतरी करेल व्हई, पोलीस उगाच मारतस का? न्यायालयना कागद दखाडा, तरी नही मानत. माले सांगू नका. त्यासले सांगा."

आबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर बसले होते. मी जवळ जाऊन बोललो. त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हनी ऱ्हायनात?"

"जोरमा बोला, साहेब," मागून मुलगा म्हणाला. "आबाले आते ऐकू येत नही."

समोरच्या घरातली बाई दारात आली होती. गल्लीतली दोन-चार माणसंही थांबली. मी खाटेपाशी बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडून म्हणालो, "आबा, तुमच्या मुलाने काही केलं नव्हतं! तो खरं बोलत होता. मला त्याचं बोलणं कळलं नाही, आणि मी त्याला मारलं. चूक माझी होती, आबा. मला माफ करा!"